खारं दूध

बाळकुमच्या तुळसाला पाच मुलं झाली आणि पाचही काही त्रास न देता तिच्या अंगावर प्यायली. त्यामुळे मूल अंगावर कसं घ्यायचं याबद्दल तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. जे काम कधी अडलंच नाही त्याचा विचार माणूस कशाला करील? पण पाच मुलांची आई म्हटल्यावर गावच्या बायका तिला विचारायला येत, आणि कुणी विचारलं की ती सांगितल्याशिवाय राहत नसे. ही गोष्ट तिची नाही, तिच्या थोरल्या सुनेची, शेवंतीची आहे. तरी सुरुवात तुळसापासून करणं भाग आहे, कारण पहिली चूक तिची.

शेवंती शहाडची. बाप उल्हास नदीच्या काठी भात करी. अकराव्या वर्षी तिचं लग्न बाळकुमच्या नाथाशी झालं. कल्याणहून ठाण्याला आगगाडी सुरू होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती, तरी लग्नाची माणसं होडीनेच खाडीतून खाली उतरली, कारण नाथाच्या मामाचा त्या धुरावर विश्वास नव्हता. सासरची माणसं मिठागरावर राबणारी. दिवाळीनंतर खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हाने मीठ धरलं की पुरुषांनी ते ओढून काठाला आणायचं आणि बायकांनी टोपल्या भरून डोक्यावरून राशीपर्यंत न्यायचं. शेवंती हे काम चांगलं करी. स्वभावाने ती घुमी होती. हसायची कमी आणि भांडायचीही कमी. सासरच्यांना ती फारशी समजली नाही, आणि समजून घेण्याची कुणाला निकडही वाटली नाही.

तिला मूल व्हायला फार वर्षं लागली. बाविसाव्या वर्षी, कार्तिकात, माहेरी शहाडला तिला मुलगी झाली. तिचं नाव रतन. पहिले आठ दिवस रतनही नीट पीत नव्हती आणि शेवंतीच्या छातीला चिरा पडल्या होत्या. पण तिची आई रखमाबाई जवळ होती. तोंडाने थोडं आणि हाताने जास्त शिकवणारी अशी ती बाई. तिने लेकीच्या पाठीमागे बसून, तिचे खांदे धरून, पोरीला तोंड कसं उघडू द्यायचं आणि छाती किती आत द्यायची ते दाखवलं. दहाव्या दिवसापासून रतन पोटभर पिऊ लागली. तीन महिन्यांची झाल्यावर शेवंती तिला घेऊन बाळकुमला आली. फाल्गुनात, शिमगा होऊन चार दिवस झाले असतील, पोरीला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

अशा वेळी गावात जे बोलायचं असतं ते सगळं बोलून झालं. थोड्याच दिवसांत शेवंती परत मिठागरावर गेली. दूध मात्र थांबलं नव्हतं. डोक्यावर टोपली असताना तिची चोळी भिजायची आणि वाळली की पापडासारखी ताठ व्हायची. बरोबरच्या बायकांना ते दिसत होतं. त्या दुसरीकडे बघत.

चैत्रात धाकटी सून बाळंत झाली. शके अठराशेचा चैत्र. या धाकटीचं नाव बायजा. नाथाचा भाऊ काळुराम, त्याची ती बायको. वय सतरा, माहेर कोलशेत, तेही मिठागरावरचंच घर. आई लहानपणीच वारलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरी झालं. मुलगा झाला. नाथाला मूल नाही, काळुरामला झालेलं हे पहिलंच, तेव्हा घरात त्याच्या जन्माचा आनंद किती झाला असेल ते सांगायला नको. शेवंतीही बाजेपाशी जाऊन त्याला पाहून आली. तिने त्याला उचललं नाही.

तुळसाने रीतीप्रमाणे पहिले तीन दिवस बायजाचं पिवळं दाट दूध, म्हणजे चीक, पिळून फेकून दिलं आणि पोराला शेळीच्या दुधात भिजवलेला कापसाचा बोळा चोखायला दिला. गाईच्या चिकाचा खरवस करून आवडीने खाणारी माणसं आईचा चीक मात्र उकिरड्यावर ओततात. याचं कारण मी पुष्कळांना विचारून पाहिलं, आणि तशी रीत आहे यापलीकडे मला कुणी काही सांगू शकलं नाही. चौथ्या दिवशी पोर आईकडे दिलं. तीन दिवसांत ते एक गोष्ट पक्की शिकलं होतं, की ओठ आवळायचे आणि टोक चोखायचं. आईच्या अंगावरही त्याने तेच केलं. बोंडाचं नुसतं टोक ओठांत धरून ते ओढू लागलं. दूध येई थेंब थेंब, म्हणून ते आणखी जोर लावी, आणि जोर लावला की बायजाचा जीव जाई.

त्यात बायजाची बसायची तऱ्हा. मिठागरावरची बाई दिवसभर वाकते. टोपलीशी वाकते, राशीशी वाकते, वाफ्याशी वाकते, कारण यातली कुठलीच वस्तू तिच्याकडे चालून येत नाही. बायजा पोराला मांडीवर उताणं ठेवून त्याच्यावर तशीच वाकायची. वाकून वाकून पाठ धरली, मान धरली, आणि तिने जरा पाठ सरळ केली की पोराच्या तोंडातलं टोकही ताणलं जायचं. पाचव्या दिवशी दोन्ही बोंडांना चिरा पडल्या. सहाव्या दिवशी त्यांतून रक्त आलं. पोराला कुणी जवळ आणताना दिसलं की बायजा पदराचा बोळा करून दातांत धरी. तुळसा म्हणाली, पहिलटकरणीला दुखायचंच. तिला स्वतःला दुखलं नव्हतं, पण ते तिच्या लक्षात नव्हतं.

आता बायजाने जे केलं ते कोलशेत-बाळकुमच्या बाईलाच सुचावं. मिठागरावर टाचांना भेगा पडतात, बोटांमध्ये कातडी फाटते, आणि त्यावर तिथला एकच उपाय असतो. मीठ पडायला आलेल्या वाफ्यातलं जाड पाणी घ्यायचं आणि त्याने जखम धुवायची. आग होते, पण जखम पिकत नाही. बायजाच्या बापाने तिला लहानपणापासून हेच शिकवलं होतं. तिने काळुरामला ते पाणी लोटाभर आणायला सांगितलं. काळुरामने आणून दिलं आणि कशाला ते विचारलं नाही. बाळंतिणीच्या खोलीतलं काही पुरुषाने विचारू नये अशी त्याची समजूत होती, आणि ती त्याने पुढच्या चार मुलांच्या वेळीही सोडली नाही. लोटा बाजेखाली राहिला. पोराला पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर बायजा फडकं बुडवून चिरांना लावू लागली. सासूपासून तिने हे लपवलं, कारण बाळंतिणीच्या अंगाला गार पाणी लावलेलं तुळसाला खपलं नसतं.

सातव्या दिवशी पोराने पिणंच सोडलं. जवळ घेतलं की तोंड वाकडं करी, मागे रेलून किंचाळे. त्याचा आवाज बारीक झाला होता आणि लंगोटं कोरडी निघत होती. तुळसा उठली, तिने बायजाची छाती बोटाने पुसली आणि ते बोट जिभेला लावलं. मग थुंकली.

"खारं हाय," ती म्हणाली. "पोर पिनार कसं?"

निदान तिच्याकडे तयार होतं. बायजा नववा महिना लागेपर्यंत मिठागरावर होती, तेव्हा मीठ तिच्या अंगात मुरलं आणि दुधात उतरलं. नववा महिना लागेपर्यंत तर त्या गावातली झाडून सगळ्या बायका मिठागरावर असत, तुळसा स्वतः पाचही वेळा होती, आणि या हिशेबाने अख्ख्या बाळकुमच्या पोरांचं लोणचं व्हायला हवं होतं. पण चाखून सांगितलेल्या गोष्टीपुढे कुणाचं काही चालत नाही. शेजारणी आल्या, त्यांनी मान डोलावली. बायजा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती काही बोलली नाही.

तुळसाने पोर उचललं आणि अंगणात टोपली घासत बसलेल्या शेवंतीच्या मांडीवर ठेवलं. त्यावर ती जे बोलली त्याचा अर्थ असा, की देवाने एक नेलं, दुसरं धाडलं, आता मागचं उगाळत बसू नकोस. शेवंतीने हात धुतले, आत जाऊन भिंतीला टेकली आणि पोराला घेतलं. रखमाबाईने शिकवल्यासारखं घेतलं. पोर पहिल्यांदा चाचपडलं, मग त्याने मोठं तोंड उघडलं, आणि मग पंधरा दिवस उगाच वाहत असलेलं दूध त्याला मिळालं. त्याच्या गिळण्याचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. शेवंतीला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही, तिनेही पुढे कधी लपवलं नाही. रतन गेल्यापासून तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

तुळसाने बेत पक्का केला. बाराव्या दिवशी बारसं, त्याच वेळी चार बायकांच्या देखत पोर शेवंतीच्या ओटीत घालायचं. ओटीत घातलं की ते तिचं आणि नाथाचं, मग त्यात फिरवाफिरव नाही. तुळसाला यात कुणावर अन्याय होतो असं वाटलं नाही. थोरलीची मांडी भरते, पोर जगतं, आणि धाकटी सतरा वर्षांची आहे, तिला आणखी होतील. नाथा खूश होता. काळुरामने आईपुढे मान खाली घातली. बायजाला कुणी विचारलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी बायजा झोपलेली पाहून शेवंती तिच्या खोलीत शेक देण्याची शेगडी भरायला गेली. निखारे सरकवताना बाजेखालच्या लोट्याला तिचा हात लागला आणि पाणी सांडलं. तिने ओली बोटं सहज तोंडाला लावली. मिठागरावरच्या माणसाला ते पाणी ओळखायला एक थेंब पुरतो. शेजारी फडकं होतं, त्यावर रक्ताचे डाग होते. शेवंतीला सगळं एकदम कळलं. दूध खारं नव्हतं. खारं होतं ते वरून लावलेलं पाणी, आणि पोर तोंड फिरवीत होतं ते त्याला. दूध चांगलं होतं, चिरा बऱ्या होण्याजोग्या होत्या, आणि पोराला धरायला शिकवणं अवघड नव्हतं. ते तिला येत होतं.

तिने शेगडी भरली, लोटा होता तिथे ठेवला आणि ती बाहेर आली. त्या दिवशी ती काही बोलली नाही. पोराला तिने दिवसभरात सात वेळा पाजलं. त्याचं लंगोटं बदललं, त्याला तेल लावलं, नाथाने त्याच्यासाठी लाकडाचा खुळखुळा करायला घेतला तो पाहिला. चार दिवस गप्प राहिलं की झालं, इतकं ते सोपं होतं. वाईट काही करायचं नव्हतं, फक्त करायचं ते टाळायचं होतं. शेवंती फार चांगली बाई होती असं या ठिकाणी म्हणण्याची रीत आहे. ती रीत मी पाळत नाही. तिला ते पोर हवं होतं.

नवव्या दिवशी सकाळी तुळसा तळ्यावर धुणं घेऊन गेली तेव्हा शेवंती कढत पाण्याचं भांडं आणि धुतलेलं मऊ फडकं घेऊन बायजाकडे गेली. पोर तिच्या खांद्यावर होतं. रात्रीत नेमकं काय झालं, कशाने तिचं मन फिरलं, हे तिला पुढे विचारणाऱ्यांना तिने कधी सांगितलं नाही. मला वाटतं, तिलाही ते नीट सांगता आलं नसतं. तिने बाजेखालून लोटा ओढून काढला.

"ह्ये छातीला लावतेस?"

बायजाने मान हलवली. "पायाच्या भेगांना लावतो आमी. बऱ्या व्हतात."

"पायाला पोर पीत नाय, बायजे."

बायजाला नवल वाटलेलं दिसलं नाही. थकलेल्या माणसाला कशाचंच नवल वाटत नाही, असं शेवंतीने धरून घेतलं. तिने लोट्यातलं पाणी मोरीत ओतलं, कोमट पाण्याने बायजाची छाती धुतली, फडक्याने हलकेच टिपली आणि वरून खाली दाबत दोन थेंब स्वतःच्या तळहातावर काढले. एक तिने चाखला. दुसरा बायजाच्या ओठाला लावला.

"सांग, कसं हाय?"

"ग्वाड," बायजा म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

मग शिकवणं सुरू झालं. शेवंती तिच्या पाठीमागे बसली. आधी तिने बायजाची पाठ भिंतीला टेकवली आणि कोपराखाली घडी केलेली गोधडी दिली. पोराला उताणं न ठेवता कुशीवर वळवलं, त्याचं पोट बायजाच्या पोटाला लागेल असं. बायजा सवयीने वाकू लागली की शेवंती तिचे खांदे मागे ओढी. पोर म्हणजे टोपली नव्हे, आपण त्याच्याकडे जायचं नाही, त्याला आपल्याकडे आणायचं, हे तिने त्या दिवशी निदान वीस वेळा सांगितलं असेल. पोराच्या वरच्या ओठाला बोंड नुसतं लावायचं आणि थांबायचं. ते ओठ आवळून टोक पकडू पाहील, तेव्हा द्यायचं नाही. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं, आणि उघडलं रे उघडलं की त्याची मान-पाठ धरून झटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकवायची, खालच्या बाजूचा काळा भाग पुष्कळसा तोंडात जाऊ द्यायचा. दुखलं तर दात आवळून बसायचं नाही. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सारून पकड सोडवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यापासून किती वेळा करावं लागलं ते दोघींनी मोजलं नाही. बोळ्याची सवय पोराला सोडायला जड गेली. ते चिडे, रडे, टोक पकडून ओढी. बायजाही रडली. एकदा तर तिने पोर शेवंतीच्या मांडीवर जवळजवळ टाकलं आणि तूच घे म्हणाली. शेवंतीने त्याला थोडं पाजून शांत केलं, कारण उपाशी पोराला काही शिकवता येत नाही, आणि परत बायजाकडे दिलं. दुपारी कधीतरी पोराने मोठं तोंड उघडलं, बायजाने ते वेळेवर जवळ घेतलं, आणि ती पुढच्या कळेसाठी श्वास रोखून बसली. कळ आली नाही. नुसता ओढल्याचा भास झाला आणि पाठोपाठ गिळण्याचा आवाज. बायजाने मान वळवून मागे शेवंतीकडे पाहिलं. शेवंती म्हणाली, हलू नकोस.

चिरांसाठी शेवंतीने औषध सांगितलं ते असं, की पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब त्यावर पसरायचा आणि वाऱ्यावर वाळू द्यायचा. जी बाजू कमी दुखते ती आधी द्यायची. बाकी तेल, हळद, आगराचं पाणी, काही नको. दहाव्या दिवशी एका बाजूची चीर मिटू लागली. पोर निम्मं बायजाकडे प्यायलं, निम्मं शेवंतीकडे. अकराव्या दिवशी सकाळपासून ते फक्त बायजाकडे प्यायलं आणि संध्याकाळपर्यंत त्याची पाच लंगोटं ओली निघाली.

दहाव्या दिवशीच शेवंतीने सासूला सांगितलं होतं, की बायजाचं दूध खारं नाही. लोट्याचीही गोष्ट सांगितली. तुळसाने ऐकून घेतलं नाही. तिने स्वतः चाखलं होतं, गावभर सांगितलं होतं, कोलशेतला निरोप गेला होता, घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडले होते. आणि हे सगळं मी कुणासाठी करते आहे, असं तिने शेवंतीला विचारलं. त्या बोलण्यात माया होती. शेवंती उठून गेली.

बारशाला वीस-पंचवीस बायका जमल्या. पाळणा बांधला होता. तुळसाने पाटावर तांदूळ मांडले आणि शेवंतीला पुढे बोलावलं. शेवंती येऊन पाटावर बसली तशी मोगऱ्याचा वास सुटला. चैत्राचे दिवस, मोगरा दारोदार फुललेला, तेव्हा आधी कुणाला काही वाटलं नाही. मग एकीच्या लक्षात आलं, की शेवंतीच्या केसांत एकही फूल नाही. वास तिच्या छातीतून येत होता. चोळीवरून तिने फडकं गच्च आवळून बांधलं होतं आणि त्याच्या कडेतून चुरगळलेल्या पाकळ्या दिसत होत्या.

याचा अर्थ तिथल्या बायकांना समजावून सांगावा लागत नाही. ज्या बाईला पाजायला कुणी उरलं नाही ती छातीला मोगरा बांधते, म्हणजे दूध आटतं. रतन गेली तेव्हा शेवंतीने तो बांधला नव्हता. दूध काही एका दिवसात आटत नाही, पाटावर बसली तेव्हा तिची छाती दगडासारखी झाली होती आणि तिला ताप होता. पण सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. पोराला ओटीत घेण्यासाठी तिने पदर पसरला नाही. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

तुळसाने त्या पाकळ्यांकडे पाहिलं. मग तिने पोर उचललं, खोलीच्या दाराशी बसलेल्या बायजाकडे नेलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. पोर भुकेलं होतं, ते लगेच धरून प्यायला लागलं. तुळसा तिथेच खाली बसली. पोराचं पिणं तिने मन लावून पाहिलं. पाच मुलं वाढवून तिने ते कधी पाहिलं नव्हतं. पोराचं नाव आनंदा ठेवलं.

शेवंतीला पुन्हा मूल झालं नाही. तिचं पुढचं आयुष्य सांगण्याजोगं कमी आहे आणि कामाचं पुष्कळ. आधी शेजारणीने बोलावलं, मग कोलशेतहून बोलावणं आलं, मग खाडीपलीकडून. पोर अंगावर धरत नाही, पहिलटकरणीला चिरा पडल्या आहेत, दूध फुटत नाही असं कुणी म्हणालं की शेवंतीला न्यायचं, हे चारदोन वर्षांत ठरून गेलं. पुढे ती कल्याण-डोंबिवलीपर्यंत आगगाडीने जाऊ लागली. बाळंतिणीपाशी गेल्यावर तिचा पहिला प्रश्न असे, की छातीला काय लावलंय. कुठे चुना निघे, कुठे राळेचं मलम, कुठे राख. ती ते धुवून टाकी आणि पाठीमागे जाऊन बसे. चीक फेकू नका, बोळा देऊ नका असं ती सांगायची, पण रीतीपुढे तिचं सगळीकडे चाललं नाही. तुळसाने मात्र शेवटपर्यंत सगळ्यांना सांगितलं, की हे सारं शेवंतीला आपणच शिकवलं.

आनंदा चोवीस वर्षांचा झाला तेव्हाची गोष्ट. दोघी जावा अंगणात जवळा निवडत बसल्या होत्या. दोघींचेही केस पांढरे व्हायला लागले होते. त्या सकाळी कुणीतरी येऊन शेवंतीच्या पाया पडून गेलं होतं, नातू वाचला म्हणून. शेवंतीला ते कधी आवडत नसे. त्या दिवशी ती सुपातून मान वर न करता म्हणाली, की बायजे, तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. लोटा मला आठव्या दिवशी सापडला होता. मी नवव्या दिवशी बोलले. एक दिवस मी गप्प बसले होते.

बायजा म्हणाली, ठाऊक आहे. शेगडी भरायला आलीस तेव्हा मी झोपले नव्हते.

शेवंतीने सूप खाली ठेवलं. मग बायजाने आणखी सांगितलं, की दूध खारं नाही हे तिला शेवंतीच्याही आधी कळलं होतं. सासूने बोट जिभेला लावलं तेव्हाच कळलं होतं. आपण काय लावलं आहे ते तिला स्वतःला माहीत नसणार तर कुणाला?

"मंग बोलली का नाय तू?" शेवंतीने विचारलं.

"काय बोलायचं, आक्का? माज्याकडं उपाशी होतं. तुज्याकडं पीत होतं."